योगक्षेम : एका जुन्या गाडीच्या निमित्ताने

‘योगक्षेम’ हा गीतेतला शब्द आपल्या कानांवर नित्य पडतो. पण त्याची दोन अंगे आपण क्वचितच वेगळी करून पाहतो. आद्य शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात त्यांची फोड केली आहे : जे नाही ते मिळणे हा योग, आणि मिळालेल्याचे रक्षण हे क्षेम. या दोहोंपैकी पहिल्याचाच आपण सोहळा का करावा, असा आमचा प्रश्न आहे.

भाविकाने देवस्थानाला मालवाहू पिकअप गाडी अर्पण केली म्हणजे तिला हार पडतो, नारळ फुटतो, दात्याचे नाव दारावर रंगवले जाते. पंधरा वर्षांनी तीच गाडी जत्रेचे सामान आणि संतर्पणाचे तांदूळ वाहत असते. तेव्हा तिचे तेल बदलण्यासाठी मात्र कोणी दाता पुढे येत नाही. ‘चालते आहे ना, मग चालू द्या!’ या बोलण्यात नुसता आळस नाही. जे दिसत नाही ते नाहीच, असे त्यात गृहीत धरलेले असते.

ब्रेकच्या तेलाचेच पाहा. ते हवेतला ओलावा शोषून घेते. आणि कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! त्यामुळे ते तेल कमी उष्णतेला उकळू लागते. सपाट रस्त्यावर काहीच जाणवत नाही. परंतु भरलेली गाडी अनमोड घाट उतरताना ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून तापले, की आतल्या पाण्याची वाफ होते. मग पायाचा जोर वाफ दाबण्यातच खर्ची पडतो, चाकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी, ब्रेक उत्तम लागत असतानाच, हे तेल बदलावयाचे असते. काही इंजिनांत टायमिंगचा पट्टा असतो, त्याचीही हीच कथा : वरून धडधाकट दिसतो, आणि तुटला तर पिस्टन झडपांवर आदळतात. तांबड्या धुळीने कोंदणारा हवेचा फिल्टर तर सर्वांच्याच परिचयाचा आहे.

अशा कामाचे फळ दिसणे शक्यच नसते. न झालेला अपघात कोण कोणाला दाखवणार? निष्काम कर्मावर आपण प्रवचने पुष्कळ ऐकतो. गाडीखाली पाठीवर पडून ग्रीस भरणारा चालक ते प्रत्यक्ष करीत असतो, आणि वार्षिक सभेत त्याच्याच खर्चावर बोट ठेवले जाते!

जुन्याचा हा हट्ट कुठवर धरावा, असे कोणी विचारील. ते विचारणे रास्तच आहे. खाऱ्या वाऱ्याने चासी पोखरली आणि वेल्डिंगही धरेनासे झाले, की ती गाडी घाटात पाठवणे म्हणजे चालकाच्या जिवाशी खेळणे होय. दारावर नाव कोणाचे आहे हे तेव्हा पाहू नये. समितीच्या एखाद्या सभासदाने दरवर्षी पावसाळा सरल्यावर मेकॅनिकसह गाडीखाली वाकून पाहावे, आणि कोणते तेल कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर बदलले याची वही देवस्थानाच्या जमाखर्चाबरोबर सभेपुढे ठेवावी.