राजाच्या दालनाचं दार

टोकियोच्या एदोगावा भागात निशिकासाई नावाची वस्ती आहे. स्टेशनाबाहेर पडलं की तिथे हिंदी, तमीळ, तेलुगू आणि खणखणीत मराठीही कानावर पडते. तिथल्या एका इमारतीत सांगलीकडचा एक संगणक अभियंता राहत होता. त्याच्याकडे जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटींनी भरलेलं एक कपाट होतं. कॅसेट हा शब्द त्याने सांगलीतूनच आणला होता. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांबरोबर जे पिवळे ठोकळे मिळायचे, त्यांना सगळी पोरं कॅसेटच म्हणायची. जपानी लोकही ‘कासेत्तो’ म्हणतात हे पहिल्यांदा ऐकलं, त्या दिवशी त्याला हा देश जवळचा वाटला होता. पण सांगलीच्या त्या कॅसेटींत कॉन्ट्रा असायचा, मारिओ असायचा. गावोगाव फिरत, माणसांशी बोलत, थोडं थोडं बळ कमवत महिनाभर खेळायचा गोष्टीचा खेळ एकही नसायचा. असे रोलप्लेइंग गेम त्याला कॉलेजच्या होस्टेलवर भेटले, आणि त्यांचं वेड पुढे कधी उतरलं नाही.

त्याची बहीणही वर्षभरापूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे त्याच वस्तीत राहायला आली होती. तिची मुलगी अकरा वर्षांची. जपानी शाळेत जायची, हिरागाना आणि काताकाना लिप्या तिने पक्क्या केल्या होत्या, कांजीशी अजून झटापट चालू होती. एका रविवारी ती कपाटासमोर उभी राहून म्हणाली, “मामा, मला गोष्टीचा गेम खेळायचाय. पहिला कुठला खेळू?”

मामाला रात्रभर झोप लागली नाही. १९९४ चा फायनल फँटसी ६ द्यावा? १९९५ चा क्रोनो ट्रिगर? की १९९६ चा पोकेमॉन? प्रत्येकाचा विचार करून त्याने प्रत्येक बाजूला ठेवला आणि शेवटी विझर्ड्री काढला. १९८१ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ, पुढे फॅमिकॉम या जपानी गेमयंत्रावर आला. मामाचं म्हणणं असं, की नदी पाहायची तर उगमापासून पाहावी.

भाचीने लाल-पांढरा फॅमिकॉम चालू केला. आधी सहा माणसं घडवायची होती. वंश, स्वभाव, पेशा, सगळं ठरवायचं. मग शस्त्रं विकत घ्यायची आणि प्रत्येकाच्या हातात द्यायची. ती द्यायची राहून गेली. सहा जण रिकाम्या हातांनी दहा मजली भुयारात उतरले. तिथल्या भिंती सगळीकडे सारख्याच दिसतात, नकाशा आपला आपण चौकटीच्या कागदावर काढायचा असतो. दुसऱ्याच वळणावर दोघे मेले. देवळात पैसे भरून एकाला उठवायला गेली, तर विधी फसला आणि त्याची राख झाली. पुढच्या खेपेला सहाही जण खाली राहिले. त्यांची प्रेतं आणायला आता नवी माणसं घडवावी लागणार होती.

तिसऱ्या दिवशी तिने कंट्रोलरची वायर नीट गुंडाळून ठेवली. “मामा, छान आहे गेम,” ती म्हणाली, “पण मला नाही येत असलं काही.”

खेळ वाईट आहे असं ती म्हणाली असती तर मामाने तासभर वाद घातला असता. यावर त्याला बोलता येईना.

रात्री जेवताना बहीण म्हणाली, “अण्णांनी तुला कृष्णेत पोहायला शिकवलं, तेव्हा पाठीला काय बांधलं होतं?”

“भोपळा.”

“आणि कुठे उतरवलं होतं?”

“घाटाच्या पायरीशी.”

बहिणीने पुढे काही विचारलं नाही. भाताचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

पुढच्या शनिवारी मामा-भाची अकिहाबाराला गेले. जुन्या खेळांचं एक दुकान एका अरुंद जिन्याच्या शेवटी होतं. मालक म्हातारा होता. मामा बोलू लागला तशी त्याने मान हलवून ऐकून घेतलं, पण प्रश्न विचारले ते मुलीला. रोज किती वेळ खेळायला मिळतो? कांजी वाचता येतात का? हरलीस की राग येतो की रडू? ती म्हणाली, अर्धा तास, थोड्याच, आणि रडू. म्हाताऱ्याने काउंटरखालून बिनखोक्याची एक कॅसेट काढली. ड्रॅगन क्वेस्ट, पहिला भाग, १९८६.

मामा चपापला. या खेळात नायक एकटा, समोर शत्रूही एका वेळी एकच. बळ वाढवायला त्याच त्या माळावर फेऱ्या मारायच्या. पुढे याहून किती भव्य खेळ निघाले!

“तुमच्यासाठी निघाले,” म्हातारा म्हणाला. “हिला जेवढं वाचता येतं तेवढंच यात आहे. सगळं हिरागाना-काताकानात.”

ते खरं होतं. त्या कॅसेटीत एकूण जागाच ६४ किलोबाइट. कांजीचा प्रश्नच नव्हता, काताकानाची अक्षरंसुद्धा वीसच घेतली होती. शिवाय बॅटरीवर आठवण ठेवणाऱ्या कॅसेटींच्या बॅटऱ्या इतक्या वर्षांनी मरतात आणि खेळलेलं पुसलं जातं. हिच्यात बॅटरीच नाही. खेळ थांबवताना राजा वीस अक्षरांचा एक मंत्र देतो, तो वहीत उतरवायचा आणि पुन्हा बसताना तोच भरायचा.

खेळ रचणारा युजी होरिई मुलांच्या शोनेन जंप साप्ताहिकात लिहायचा. विझर्ड्री आणि अल्टिमा हे दोन्ही अमेरिकी खेळ त्याला फार आवडायचे. लढाईची चौकट त्याने एकातून घेतली, वरून दिसणारा नकाशा दुसऱ्यातून. पण मारिओला सरावलेल्या जपानी मुलांना असलं काही ठाऊक नव्हतं. ती अडतील कुठे, हे त्याने आधी पाहिलं. या खेळाची पहिली खोली पाहावी म्हणजे त्याने काय केलं ते कळतं. मला तर त्या पुऱ्या खेळात ती खोलीच सगळ्यात सुंदर वाटते.

नायक राजासमोर उभा असतो. दालनाला एकच दार, आणि ते कुलूपबंद. बाहेर जग पसरलेलं आहे, पण इथून सुटल्याशिवाय ते मिळत नाही. आत तीन पेट्या, राजा आणि पहारेकरी. पेट्या उघडल्या की १२० मोहरा, एक मशाल आणि एक किल्ली मिळते. बोलायचं तर ‘बोला’ निवडून दिशाही सांगावी लागते. दार उघडायचं तर ‘दार’ निवडायचं, जिना उतरायचा तर ‘जिना’. दाराबाहेर पडेपर्यंत पुढे लागणाऱ्या बहुतेक गोष्टी मुलाच्या हातांनी करून झालेल्या असतात. शिकवलं कुणी, ते त्याला कळतही नाही. आत शत्रू नाही, घाई नाही, चुकलं तरी काही जात नाही. पाठीला भोपळा आणि समोर घाटाची पायरी.

भाची त्या खोलीत होती आणि मामा तिच्या मागे. “डावीकडची पेटी उघड. आता किल्ली घे. बांबू नको, साठवाला सोटा घे. आधी स्लाइमच मार, एकेक करत सात मारलेस की दुसरी पातळी. पुलापलीकडे जाऊ नकोस.” प्रत्येक सूचना बरोबर होती. दहा मिनिटांनी भाचीने कंट्रोलर त्याच्या मांडीवर ठेवला. “मग तूच खेळ ना.”

त्या दिवसानंतर मामा तिच्याशेजारी बसायचा तो तोंड मिटून. हे त्याला विझर्ड्रीच्या दहा मजल्यांपेक्षा जड गेलं. तिने दहा मोहरांचा बांबू घेतला तेव्हा तो गप्प राहिला. ती पूल ओलांडून गेली तेव्हाही. या जगात पूल ओलांडला की शत्रू दांडगे होतात. दोन फटक्यांत नायक आडवा झाला.

भाचीचा चेहरा पडला. पण डोळे उघडतात तर नायक पुन्हा राजासमोर! निम्म्या मोहरा गेल्या होत्या. कमावलेला अनुभव मात्र होता तसाच होता.

“म्हणजे शिकलेलं जात नाही?” तिने विचारलं.

“नाही,” मामा म्हणाला. तेवढंच.

मग ती रमली. किल्ल्याबाहेर पाऊल टाकताच पाण्यापलीकडे ड्रॅगनराजाचा किल्ला दिसतो, अगदी हाकेच्या अंतरावर. पण तिथे पोचायला अख्खं जग पालथं घालावं लागतं. शाळेतून येताना तिच्या डोक्यात तोच किल्ला असायचा.

एका संध्याकाळी मंत्र चालेना. वीस अक्षरं तिने तीनदा भरली, तिन्ही वेळा खेळाने नाकारली. चौदाव्या पातळीचा नायक त्या वहीत अडकला होता. मामाने वहीत डोकावलं आणि त्याला लगेच दिसलं. हिरागानातली ‘मे’ आणि ‘नु’ ही अक्षरं बहिणी-बहिणी. ‘नु’च्या शेपटीला एक गाठ, ‘मे’ला नाही. घाईत काढलेल्या नवव्या अक्षराला अर्धवट गाठ होती. बोट ठेवायला क्षण पुरला असता. तो उठला आणि चहा टाकायला आत गेला.

त्या रात्री ती खूप रडली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली, दप्तर न काढता वहीसमोर बसली, आणि ज्या ज्या अक्षराची शंका आली ते ते पेन्सिलीने गोल करू लागली. तिसऱ्या प्रयत्नात संगीत वाजलं. “मामा! नु नव्हता, मे होता!” ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या बाईंनी दार उघडून पाहिलं.

दिवाळीला सांगलीहून आजी आली. चार दिवस तिने नातीला त्या डब्यापुढे पाहिलं आणि पाचव्या दिवशी चष्मा पुसत म्हणाली, “काय आहे गं हे एवढं? दे बघू मला.”

भाचीने आपला पुढे गेलेला खेळ दाखवला नाही. पहिल्यापासून लावला. आजीला जपानी येत नव्हतं, म्हणून पडद्यावर येईल ते ती मराठीत वाचून दाखवत होती. फक्त वाचून. बाकी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. आजीचा नायक राजाभोवती फिरला, भिंतीला धडकला, पहारेकऱ्यासमोर उगाच उभा राहिला, परत भिंतीकडे गेला. पाच मिनिटं झाली, सात झाली. मामाने श्वास घेऊन तोंड उघडलं. भाचीने मांडीखालचा हात काढून त्याच्या मनगटावर ठेवला.

“अगं,” आजी पडद्याकडे वाकून म्हणाली, “दार आहे की हितं. कुलूप लावलंय मेल्यांनी. किल्ली त्या पेटीत तर नसंल?”