फ्रेट ठोकण्याआधी

चि. भाच्यास,


इलेक्ट्रिक गिटार घरीच बनवायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. तुमच्या भवानीनगरात ना राउटर, ना बँडसॉ, मग जमेल का, असं विचारलंस. जमेल. क्वीन बँडचा ब्रायन मे शाळकरी असताना, १९६३ साली, त्यानं वडिलांना हाताशी घेऊन घरीच गिटार करायला घेतली. नेकला जुन्या फायरप्लेसचं महोगनी, ट्रेमोलोला मोटारसायकलच्या स्प्रिंगा. पुढे जन्मभर तो तीच वाजवत आला.

आपल्या मिरजेत तर हत्यारांना धार लावणारे शिकलगार सतारमेकर झाले. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात. सूर हलला तर सरकवता येतात. गिटारचा फ्रेट एकदा खाचेत ठोकला की बसला. म्हणून तुझा सगळा जीव नेकच्या मापात घाल. बॉडी थोडी वाकडीतिकडी झाली तरी गिटार सुरात वाजते.

माप असं काढ. नटपासून ब्रिजपर्यंत ६४८ मिलिमीटर धर. त्याला १७.८१७ नं भाग, ३६.४ येतात; तो पहिला फ्रेट. उरलेल्या ६११.६ ला पुन्हा त्याच आकड्यानं भागलं की ३४.३, म्हणजे दुसरा फ्रेट नटपासून ७०.७ वर. बारावा बरोबर ३२४ वर यायला हवा. नाही आला तर हिशेब पुन्हा कर. खुणा मात्र प्रत्येक वेळी नटपासूनच मोज. एका फ्रेटपासून दुसरा मोजत गेलास तर अर्ध्या मिलिमीटरची चूक पुढे साचत जाते.

खाच पाडायला हॅक्सॉचं पातं चालतं, पण त्याचे दात दोन्ही बाजूंना फाकवलेले असतात. ते तेलदगडावर घासून सपाट कर, नाहीतर खाच रुंद होऊन फ्रेट सैल बसेल. आधी फालतू तुकड्यावर एक फ्रेट ठोकून बघ. गुण्या लावल्याशिवाय करवत टेकवू नकोस.

लाकूड वखारीतून ओलं आणू नकोस, ते पीळ खातं. पाडलेल्या घराच्या चौकटीचं जुनं सागवान मिळालं तर सोनंच. फक्त आत खिळे राहिलेत का ते बघ, रंध्याचं पातं जाईल. सहा तारा मिळून नेकवर चाळीस किलोच्या वर ताण देतात, तेव्हा आत ट्रस रॉड हवाच. तो विकत घे.

पहिल्या गिटारला पिकअपही विकतच घे. पंपाच्या मोटारी भरणाऱ्याकडची तार फार जाड. पिकअपला केसाहून बारीक, ०.०६ मिलिमीटरच्या आसपासची लागते आणि वेढे हजारोंनी. जोडणी मात्र तूच कर. ब्रिजपासून पॉटच्या पाठीला अर्थची वायर विसरलास तर तारांना हात लावला तरी गुणगुण ऐकू येत राहील. आवाजाला नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प घे. थेट २३० व्होल्टवरचा अ‍ॅम्प घरी बनवायच्या फंदात आत्ता पडू नकोस, ही माझी कळकळीची विनंती समज.

ब्रिज सगळ्यात शेवटी बसव. भोकं पाडण्याआधी नेक लावून दोन्ही कडेच्या तारा ओढून बघ, त्या नेकच्या दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावर आल्या पाहिजेत. खाचा पाडण्याआधी मापांचा कागद मला पाठव. मी इथे पुन्हा हिशेब करून कळवतो.

तुझा,
मामा