सेवेचा अधिकार

अरुणा शानबाग या परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं त्याच रुग्णालयांतील एका सफाईकामगारानें त्यांच्यावर पाशवी अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीनें गळा आवळला गेल्यामुळें मेंदूस प्राणवायु मिळेनासा झाला. आणि तेव्हांपासून १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे सुमारें साडेएकेचाळीस वर्षें, त्या त्याच रुग्णालयांत निजून होत्या. ही हकीकत मुंबईंत सर्वश्रुत आहे व ती ऐकतांना डोळे पाणावतात. परंतु करुणा ही कित्येकदां विचाराची वाट अडवून बसते. या हकीकतींत दडलेला नीतिशास्त्राचा प्रश्न आज अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढें येऊन ठेपत असल्यामुळें त्याकडे शांतपणें पाहणें आम्हांस आवश्यक वाटतें. ज्यास स्वतः बोलतां येत नाहीं, त्याच्या जिवाविषयीं बोलण्याचा अधिकार कोणाचा?

२००९ सालीं लेखिका पिंकी विराणी यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला कीं, अरुणाबाईंस अन्न देणें थांबवावें व त्यांस शांतपणें मरूं द्यावें. विराणींनीं त्यांच्यावर पुस्तक लिहिलें होतें, आणि त्यांचा हेतु निर्मळ होता हें न्यायालयानेंही मान्य केलें. रुग्णालयांतील परिचारिकांनीं व डॉक्टरांनीं मात्र या मागणीस कसून विरोध केला. न्यायालयानें मुंबईचे तीन डॉक्टर तपासणीस पाठविले; मेंदु मृत झालेला नाहीं, परंतु कायमच्या अचेतनावस्थेचीं बहुतेक लक्षणें आढळतात, असें त्यांनीं कळविलें. ७ मार्च २०११ रोजीं अर्ज नामंजूर झाला. त्याच निकालानें, उच्च न्यायालयाच्या संमतीची अट घालून, जीवनाधार काढून घेण्याची वाट तत्त्वतः मोकळी केली, आणि वृत्तपत्रांनीं गाजविला तो एवढाच भाग. आमच्या मतें निकालाचें मर्म निराळें आहे. अरुणाबाईंचा निकटचा मित्र म्हणून बोलण्याचा अधिकार विराणींचा नव्हे, तो के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांचा आहे, कारण अहोरात्र सेवा त्यांनीं केली, असें न्यायालय म्हणालें.

आमच्याकडे अधिकार ठरतो तो रक्तावरून. वारसा कोणाचा, अग्नि कोणीं द्यावयाचा, हें सारें नातें पाहून. तरी पण देवकीचा कृष्ण यशोदेचा कसा झाला, हें आमच्या घरांतील निरक्षर आजीसही समजावून सांगावें लागत नाहीं. १९७३ च्या मैत्रिणी निवृत्त झाल्या. ज्यांचा तेव्हां जन्मही झाला नव्हता अशा मुली त्यांच्या जागीं आल्या, आणि जिच्याशीं एक शब्दही कधीं बोलणें झालें नाहीं त्या स्त्रीस त्यांनीं भरविलें, न्हाऊं घातलें, कुशीवर वळविलें. इतक्या वर्षांत अंगास शय्याव्रण झाला नाहीं, असें न्यायालयापुढें नमूद झालें. घरीं सहा महिने खिळलेला रुग्ण ज्यानें सांभाळला आहे, त्यालाच या वाक्याचें मोल कळेल.

तथापि सेवेच्या अधिकारालाही कीड लागूं शकते. ज्याची सेवा करावी तो हळूहळू आपला होतो, आणि आपला झाला कीं त्याचें जगणें हेंच आपल्या सेवेचें सार्थक होऊन बसतें. मग आपण त्याच्या वतीनें बोलतों कीं आपल्या भक्तीच्या वतीनें, हें ज्याचें त्यालाही उमगत नाहीं. स्वतः परिचारिका असलेल्या या स्त्रीनें स्वतःसाठीं अशी अवस्था मागितली असती काय, हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं, आणि त्याचें उत्तर देणारें कोणीच उरलें नव्हतें. मासळीसारखा आवडीचा पदार्थ मिळाला कीं अरुणाबाई हंसतात, असें रुग्णालयाकडून कळविण्यांत आलें होतें. आमचे तर्कशास्त्राचे विद्यार्थी म्हणतात, ही केवळ शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया. असेल. पण एका 'असेल'च्या आधारावर कोणाच्या तोंडचा घास काढून घेण्यास आमचें मन धजत नाहीं.

घास आणि यंत्र यांत मात्र भेद केला पाहिजे. १९५२ सालीं कोपनहेगन शहरांत पोलिओची भयंकर सांथ आली. श्वासाचे स्नायु लुळे पडलेल्या रुग्णांच्या गळ्यांत नळी बसवून शेंकडों वैद्यकीय विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें, रात्रंदिवस, रबरी पिशवी हातानें दाबून त्यांच्या फुफ्फुसांत हवा भरली. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या त्या उपायांतून पुढें अतिदक्षता विभाग जन्मास आला. म्हणजे आजचें श्वसनयंत्र हा मुळांत मनुष्याचाच हात. तेव्हां हात पवित्र व यंत्र निष्ठुर, असा सोपा निवाडा चालणार नाहीं. भेद हेतूंत आहे. ती हवा स्नायूंस बळ येईपर्यंतची होती. पैलतीर दिसत होता म्हणून नाव हांकली. घासाला असा पैलतीर लागत नाहीं. जर्जर म्हाताऱ्यास आपण तो बरा होईल म्हणून जेवूं घालीत नाहीं. सप्टेंबर २०१० मध्यें मलेरिया झाल्यावर अरुणाबाईंस नळीनें अन्न द्यावें लागलें. नळी आली तरी ती घासाचीच बाजू, असें आम्ही मानतों. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनें १९९३ सालीं, अन्थनी ब्लंड या तरुणाच्या खटल्यांत, नेमकें उलट मत दिलें, हें येथें सांगितलें पाहिजे.

मे २०१५ मध्यें न्युमोनिया झाला, तेव्हां अरुणाबाईंस अतिदक्षता विभागांत नेऊन श्वसनयंत्र लावण्यांत आलें. तें लावणाऱ्यांचें दुःख आम्ही दुरून जोखूं इच्छित नाहीं. पण त्या यंत्राचा प्रश्न घासाच्या प्रश्नाहून निराळा होता, आणि चाळीस वर्षें भरविलेल्या घासानें तो सुटत नव्हता.

गिरगांव-दादरच्या घरांपुढें आज येतो तो हाच यंत्राचा प्रश्न. यंत्र लावण्यास कांहीं मिनिटें पुरतात. काढण्यास मंडळें बसवावीं लागतात. डॉक्टर बाहेर येऊन विचारतो आणि व्हरांड्यांतून उत्तर जातें, "जें करतां येईल तें सगळें करा." पुष्कळदां हें उत्तर आदल्या रात्रीं परदेशांतून उतरलेल्या चिरंजिवांचें असतें. दोन वर्षें सासऱ्यांचें अंथरूण बदलणारी सून, किंवा लालबागहून रोज येणारी व त्यांचा हुंकार ओळखणारी मावशी, यांना कोणी विचारीत नाहीं. "आतां पुरे" हे शब्द म्हाताऱ्यांनीं उच्चारलेले असतात ते त्यांच्यापाशीं. गरिबाच्या बाबतींत तर निवाडा बिलाचा कागद करतो. 'स्वतःच्या जबाबदारीवर घरीं नेतों' अशी सही होते, आणि तिला संमति म्हणणें ही निव्वळ थट्टा आहे.

फेब्रुवारी १९६६ मध्यें दादरला सावरकरांनीं आणि नोव्हेंबर १९८२ मध्यें पवनारला विनोबांनीं अन्न व औषध नाकारून देह ठेवला. त्यांच्या मतांशीं येथें कर्तव्य नाहीं. त्यांना वाचा होती व भोवतालच्यांनीं ती मानली, इतकेंच. वाचा जाण्यापूर्वीं ती कागदावर ठेवण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालानें झाली, व २४ जानेवारी २०२३ रोजीं ती सुलभ करण्यांत आली: दोन साक्षीदार, नोटरीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही, आणि वेळ आल्यावर डॉक्टरांच्या दोन मंडळांची अनुमति. त्या कागदांत आपल्या वतीनें बोलणाऱ्या पालकाचें अथवा जवळच्या नातलगाचें नांव लिहावयाचें असतें. आमच्या परिचयांतील ज्या थोड्या गृहस्थांनीं असा कागद केला, त्यांनीं तेथें फारसा विचार न करितां थोरल्या मुलाचें नांव घातलें आहे. सुनेचें नांव एकाच कागदावर आमच्या पाहण्यांत आलें, आणि त्यावरून त्या घरांत महिनाभर अबोला होता.