बाबांच्या खांद्यावरची बोटं

॥ श्रीगुरवे नमः ॥



मागच्या रविवारी जुने फोटो मोबाइलमध्ये घेत बसलो होतो. त्यात आजोबांच्या साठीशांतीचा, १९७८चा फोटो निघाला. बाड्याजवळच्या एका स्टुडिओवाल्याने आमच्या लष्करातल्या वाड्यात येऊन काढलेला. तेव्हा मी नऊ वर्षांचा. हट्ट करून त्याच्या डार्करूममध्ये गेलो होतो. लाल दिवा, तीन ट्रे, आंबट वास. कोरा कागद औषधात हलवता हलवता आधी आजोबांची काळी टोपी उमटली, मग हळूहळू बाकी सगळे. मग हायपो, त्याशिवाय कागद उजेडात नेला की काळा पडतो. मग कितीतरी वेळ पाण्यात धुणं.

आजीचा चेहरा फार काळा आला होता. दुसरा कागद करताना त्याने तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा तेवढ्याच जागेवर धरून हलवत ठेवला, प्रकाश कमी पडू दिला, आणि आजी उजळली. ही लबाडी का? मला नाही वाटत. आजी निगेटिव्हमध्ये होतीच.

मी रविवारी केलं ते वेगळं. त्या फोटोत धाकटे काका आहेत. वाड्याच्या वाटणीवरून सहा वर्षं बोलणं बंद. मोबाइलवर बोट फिरवलं, काका गेले, मागे भिंत आली. बाबांच्या खांद्यावर त्यांची चार बोटं तेवढी राहिली, तीही पुसली. पाच मिनिटं लागली नसतील. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. काका त्या ग्रुपवर आहेत, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

आता सगळा दोष मोबाइलला देऊ नका. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवणारे तेव्हाही होतेच. रशियात तर स्टॅलिनच्या शेजारी कालव्याकाठी उभा असलेला येझोव्ह, १९४०मध्ये त्याला मारल्यानंतर, फोटोतूनही काढला आणि तिथे पाणी भरलं. पण त्याला कसबी माणूस लागे, वेळ लागे. घरच्या भांडणात लोक कात्री चालवत, आणि कात्रीचं भोक राहतं. नातवंडं विचारतात, इथे कोण होतं? मी भोकसुद्धा ठेवलं नाही. तोंडाने एक शब्द खोटा बोललो नाही, तरी एवढं मोठं असत्य आयुष्यात बोललो नसेन.

संध्याकाळी इंदूरच्या आत्याचा मेसेज आला: "फोटो छान साफ केलास रे. पण दादा असा एका बाजूला झुकून का उभा आहे?"

रात्री मूळ फोटो टाकला. धुणं कमी पडल्याने कोपऱ्यात पिवळा डाग आहे, तोही राहू दिला. खाली लिहिलं, सकाळचा फोटो मी बिघडवला होता, काका, माफ करा.

काकांनी पाहिलाय, तसं दिसतं. उत्तर अजून नाही.

– एक गुरुसेवक, लष्कर, ग्वाल्हेर