भाडेकरूसह घर

काही महिन्यांपूर्वी पातूरचे एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. जुन्या वस्तीतील एक धाब्याचे घर त्यांनी घ्यायचे ठरवले होते; इसार दिला होता, खरेदीखत व्हायचे होते. निवृत्तीची पुंजी घरात घालावी, डागडुजी करून चार खोल्या भाड्याने द्याव्यात, असा बेत. अडचण एवढीच की, मागच्या दोन खोल्यांत शिवणकाम करणाऱ्या एक वयस्क बाई पंचवीस वर्षांपासून अल्प भाड्याने राहत होत्या. दलालाने उपाय सुचवला होता : दुरुस्तीच्या निमित्ताने धाबे उतरवा, पावसाळा तोंडावर आला की बाई आपणच निघून जातील. "फादर, घर माझे, पैसा माझा. यात गैर काय?" असा त्यांचा प्रश्न होता.

कायदा या बाबतीत मुका नाही. वऱ्हाडातील शहरांत 1949 च्या घरभाडे नियंत्रण आदेशाखाली भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. 31 मार्च 2000 पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 ने घेतली. तो जिथे लागू आहे तिथे घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि भाडे दरसाल शेकडा 4 ने वाढवण्याचा त्याला हक्कही आहे. शिवाय 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार घर विकल्याने भाडेकरार तुटत नाही. जुन्या मालकाच्या जागी नवा मालक येतो, इतकेच. परंतु कायद्याला पुरावा लागतो, आणि दलालाचा उपाय पुरावा मागे न राहावा असाच होता. तेव्हा प्रश्न सदसद्विवेकबुद्धीपुढे येतो.

मालकाची बाजूही नाकारून चालणार नाही. मुंबईत 1947 च्या कायद्याने जुनी भाडी 1940 च्या पातळीवर गोठली. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना, चाळी खचू लागल्या. अखेर 1969 मध्ये कायदा करून इमारत दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. मालकाला काहीच उरू न देणारे भाडे शेवटी भाडेकरूच्याच डोक्यावर कोसळते. पडक्या घरात पैसा घालून ते उभे करणे, त्यावर योग्य नफा घेणे, यात दोष नाही.

पण हा नफा येतो कोठून, हे पाहिले पाहिजे. समजा, घर 8 लाखांना घेतले आणि 2 लाख दुरुस्तीला लागले. दरमहा 5,000 रुपये भाडे आले तर वर्षाचे 60,000. त्यातून घरपट्टी, रंगरंगोटी आणि रिकामे गेलेले महिने वजा जाता 45,000 उरतील. शेकडा साडेचार! मुदत ठेवीवर याहून अधिक मिळते. मग घर घेण्याचा हेतू उरतो तो एकच : पुढे किंमत वाढेल. ही वाढ मालक निर्माण करीत नाही. अकोल्याहून वाशीम-हिंगोलीमार्गे नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पातूरवरून जातो. शाळा, बाजार, नळ, शेजार ही गावाची कमाई आहे. हेन्री जॉर्ज यांनी 1879 मध्ये 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' या ग्रंथात जमिनीची अशी वाढ समाजाचीच असल्याचे प्रतिपादिले. आम्ही इतके पुढे जात नाही. परंतु मातीचे घर वस्तीवाचून चार-दोन पावसाळ्यांत बसते, हे वऱ्हाडात कोणाला सांगावे लागत नाही. पंचवीस वर्षे मृगापूर्वी ज्या बाईंनी धाब्यावर माती चढवली, त्यांच्यामुळे विकण्याजोगे काही शिल्लक राहिले. त्यांनाच बाहेर काढून त्या वाढीचा सगळा लाभ घेणे न्याय्य कसे?

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांचा एक भेद आम्हाला शिकवला गेला : वस्तू मिळवण्याचा व सांभाळण्याचा अधिकार माणसाला खाजगी असू शकतो, तिचा उपयोग करताना मात्र ती सर्वांची मानून गरजवंताला वाटा द्यावा. तेव्हा हा भेद परीक्षेपुरता पाठ केला होता.

आम्ही गुरुजींना सुचवले की, आधी पुढच्या दोन खोल्या दुरुस्त कराव्यात, बाईंना त्यांत हलवावे, मग मागचे धाबे उतरवावे. करार लेखी, नोंदणीकृत असावा. भाडे हळूहळू वाढवावे. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. वर्षाला सुमारे 15,000 रुपयांची तूट येत होती. "हे कोण भरणार, फादर?" त्यांनी शांतपणे विचारले. आम्ही धर्मग्रामाच्या घरात भाड्यावाचून राहतो. त्या प्रश्नाने आम्ही ओशाळलो. उपदेश आमचा होता, झीज त्यांची.

मागील महिन्यात पातूरला जाणे झाले. पुढच्या खोल्यांवर स्लॅब पडला होता. ओसरीत शिवणयंत्र चालू होते, आणि गुरुजी मागच्या भिंतीची मापे घेत होते. तुटीविषयी ते काही बोलले नाहीत. आम्हीही विचारले नाही.