दत्तक घेतलेला नागरिक

उसने दिलेले धान्य परत मागता येते; दत्तक घेतलेले मूल परत पाठविता येत नाही. मग परदेशातून आलेल्या माणसाला एखादे राष्ट्र नागरिकत्व देते, ते या दोहोंपैकी कशासारखे मानावे? आमच्या समाजातील अनेक मुले आज अमेरिकेची स्वीकृत नागरिक आहेत. परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते, असा आपला १९५५ चा कायदा सांगतो. उद्या तिकडचेही गेले, तर त्यांनी कोणाचे म्हणवून घ्यावे?

स्वीकृत नागरिक आपल्या जन्मदेशात सलग तीन वर्षे राहिल्यास त्याचे नागरिकत्व जाते, असा एकेकाळी अमेरिकेत नियम होता. जन्मजात नागरिकाला तो लागू नव्हता. जर्मनीत जन्मलेल्या, अमेरिकेत वाढलेल्या व विवाहानंतर जर्मनीत राहणाऱ्या एका स्त्रीच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली हा नियम घटनाबाह्य ठरविला. स्वीकृत नागरिकाची निष्ठा कमी अस्सल, असे गृहीत धरल्यास दुय्यम दर्जाचा नागरिक निर्माण होतो, हे त्यामागील सूत्र होते. पोलंडमध्ये जन्मलेले चित्रकार बेज अफ्रोयिम यांनी १९५१ साली इस्राएलच्या निवडणुकीत मत दिले होते. त्यांच्या खटल्यात १९६७ साली, पाच विरुद्ध चार मतांनी, न्यायालय म्हणाले की नागरिकाच्या इच्छेविरुद्ध संसद त्याचे नागरिकत्व हिरावू शकत नाही.

मग लबाडीने मिळविलेल्या नागरिकत्वाचे काय? ट्रेब्लिंकाच्या नाझी छावणीतील आपला पहारा लपवून देशात शिरलेल्या इसमाचे नागरिकत्व रद्द करणे न्यायालयाने १९८१ साली योग्य ठरविले. ते आम्हांस न्याय्य वाटते. कारण ते मुळात रीतसर मिळालेलेच नव्हते. परंतु प्रत्येक असत्य पुरेसे नाही, नागरिकत्व मिळण्यास ज्याचा हातभार लागला तेच असत्य मोजावे, अशी मर्यादाही त्याच न्यायालयाने २०१७ साली घातली.

आता आपल्या घराकडे पाहू. आपल्या कायद्याच्या दहाव्या कलमानुसार, स्वीकृत नागरिक सलग सात वर्षे भारताबाहेर राहिल्यास, काही अपवाद वगळता, सरकार त्याचे नागरिकत्व काढून घेऊ शकते. जन्मजात नागरिकाला हे भय नाही. परदेशी आपल्या मुलांना सावत्र वागणूक मिळू नये असे आम्हांस वाटते. मग आपल्या दारी येऊन आपला झालेल्या माणसाबद्दलही आम्ही तेच म्हणावयास हवे.