विकाऊ घराची आवराआवर

घर विकायला काढले म्हणजे ते नीटनेटके ठेवावे लागते, हे कोणी शिकवायला नको. परंतु आवरणे कोठे संपते आणि लपवणे कोठे सुरू होते, हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात आमच्यापुढे उभा राहिला. आईवडिलांचे जुने शिक्कून विकून भावंडांत वाटणी करण्याची वेळ आपल्यापैकी अनेक घरांत आली आहे, बाकीच्यांवर येईल. म्हणून हे चार शब्द.

आमचे घर अश्दोदचे. माझगावच्या शाळेतून आमचे शिक्षण पुरे झाले आणि १९७८ साली आम्ही सहकुटुंब येथे आलो. दोन वर्षांनी हे तीन खोल्यांचे घर मिळाले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आता बाबा नाहीत आणि आई नव्वदीला टेकली. तिला आमच्याकडे आणायचे ठरले, पण आमच्याकडची खोली तयार होईपर्यंत ती तेथेच राहणार होती. म्हणजे घर विकाऊ, आणि घरात माणूस राहते. सगळी अडचण यातच होती.

मेतावेखने पहिल्याच दिवशी यादी दिली. भिंतीवरचे फोटो उतरवा. औषधांचे डबे कपाटात घाला. चाकाचा वॉकर आणि कमोडची खुर्ची कोणाच्या नजरेस पडता कामा नये. लोक येणार त्या दिवशी मासळीचे कालवण नको, फोडणी तर मुळीच नको. एलियाहू हन्नबीची तसबीरही काढलेली बरी. गिऱ्हाइकाला आपले घर दिसले पाहिजे, तुमचे नव्हे, असे त्याचे म्हणणे. त्यात तथ्य नव्हते असे नाही. दुसऱ्याच्या संसाराच्या गर्दीत आपले टेबल कोठे बसेल, हे कोणालाच सुचत नाही.

शिवाय आमचा जन्म इस्पितळात गेला. डॉक्टरांची फेरी यायच्या आधी चादरीचे कोपरे ताणून बसवायचे, रोग्याच्या उशालगतचे खण मोकळे करायचे, बेडपॅन हलवायचे, हे हात आपोआप करतात. त्यात फसवणूक आहे असे आम्हांला कधी वाटले नाही, आजही वाटत नाही. जखमेवर आपण पांढरी स्वच्छ पट्टी बांधतो, ती जखम लपवण्यासाठी नव्हे. खाली काय आहे ते कागदावर लिहिलेले असते, आणि ज्याला कळायला हवे त्याला ते वाचता येते. कागद कोरा ठेवून वर नुसती सुरेख पट्टी बांधणारी परिचारिका आमच्या हाताखाली असती, तर तिला आम्ही दुसऱ्या दिवशी ठेवले नसते.

आणि आमच्या घरात असा एक कोरा कागद होता. उत्तरेकडच्या खोलीची भिंत. समुद्राकाठच्या जुन्या काँक्रीटच्या इमारतींत राहणाऱ्यांना समजावून सांगायला नको. हिवाळ्यात बाहेरून भिंत गार पडते, आतल्या दमट हवेचे पाणी तिच्यावर जमते आणि छताच्या कोपऱ्यातून काळी बुरशी उतरू लागते. आई दरवर्षी एकोनोमिकाने पुसून काढी, पेसाखच्या आधी सीदचा एक हात देई. यंदा धाकट्या भावाने पुसले, रंगवले आणि पुढे कपाट सरकवले. "ताई, विचारले तर सांगू. न विचारता आपल्याच घराची निंदा कशाला करायची?" असे तो म्हणाला. भाऊ लबाड नाही. बाजारात सगळे असेच करतात.

वायिक्राच्या १४व्या अध्यायात घराच्या भिंतीला लागलेल्या चट्ट्यांची गोष्ट आहे. हिरवट किंवा तांबूस डाग दिसला की घरधन्याने स्वतः कोहेनकडे जाऊन सांगायचे. कोहेन येण्यापूर्वी घर रिकामे करण्याची आज्ञा आहे, म्हणजे डाग ठरल्यावर आतल्या वस्तू अशुद्ध होऊ नयेत. मातीच्या मडक्यांचीही तोराने दया केली, असा त्याचा अर्थ मिश्नेत दिला आहे. सामान बाहेर काढावे, पण डाग जागच्या जागी राहावा, हा क्रम आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. आपण नेमके उलटे करतो. तसेच बावा मेत्सियामध्ये विकायच्या वस्तू सजवण्यास मनाई केली आहे, आणि त्यावर गमारा सांगतो की नव्या वस्तूला रंग द्यायला हरकत नाही, जुनीला रंगवून नवी भासवू नये. देशाचा १९६८चा विक्रीचा कायदाही ठाऊक असलेला दोष न सांगणाऱ्या विक्रेत्याला पाठीशी घालत नाही. तेव्हा भिंतीचा प्रश्न आमच्या मते कठीण नव्हता. जुन्या घराला सीद मारला म्हणून ते कोणाला नवे वाटत नाही, परंतु बुरशीवर मारलेला सीद खोटे बोलतो.

कठीण प्रश्न आईचा होता. लोक यायचे कळले की कमोडची खुर्ची मिर्पेसेतवर चादरीखाली जाई, वॉकर पलंगामागे, आणि आई समोरच्या शेजारणीकडे. तीन आठवड्यांत हे नऊदा झाले. नवव्या वेळी शाल पांघरता पांघरता आईने विचारले, "आज किती वेळ मी इथे राहत नाही?" ती चिडली नव्हती. तिला खरोखरच वेळ हवी होती, कारण गोळी चार वाजता असते.

आम्ही शाल काढून ठेवली. इतकी वर्षे म्हाताऱ्या माणसांना पडदा ओढून, नाव घेऊन, विचारून हात लावला, आणि स्वतःच्या आईला खुर्चीसारखी उचलून ठेवत होतो. तसबीर परत खिळ्यावर लावली. आवरण्यातून जे लपवले जात होते ते भिंतीचे वय नव्हते, ते आईचे वय होते, आणि त्यात कोणाचा तोटा होता? विकत घेणाऱ्याला ती घराबरोबर थोडीच मिळणार होती!

त्या दिवशी आलेल्या जोडप्यापुढे आई आपल्या खुर्चीवर बसून राहिली. बाई गरोदर होती. तान्ह्यासाठी ती उत्तरेकडचीच खोली पाहू लागली, तेव्हा आम्ही कपाट ओढले आणि काय ते सांगितले. बुरशीच्या खोलीत तान्ही मुले कशी खोकतात ते आम्ही पाहिले आहे. त्यांनी घर घेतले, पण किंमत बरीच खाली आणून.

भाऊ महिनाभर बोलला नाही. आमच्या वाट्यातून तूट भरून देतो म्हणालो, तर घेईना. "पैशाचे नाही, ताई. तू आपल्या तिघांचे दान केलेस, आणि विचारलेस कोणाला?" याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या बाईसमोर भावाला फोन लावायला वेळ होता, पाच मिनिटे तरी. तो नाही म्हणेल ही धास्ती होती, म्हणून लावला नाही.

किल्ल्या द्यायच्या आदल्या दिवशी तो बादली घेऊन आला. आई पलीकडे शेजारणीचा निरोप घेत होती. दोघांनी मिळून जमीन धुतली, मेझुझा तशाच राहू दिल्या, आणि तसबिरीमागची फिकट चौकट रंगवायची की नाही यावर पुन्हा थोडी वादावादी झाली. रंग संपला होता.